सत्तेचाळिसावी

'क्लेमोर' या जपानी अ‍ॅनिमे मालिकेच्या पहिल्याच भागात एक बाई एकटी गावात शिरते. पाठीवर प्रचंड तलवार, केस फिकट सोनेरी, डोळे रुपेरी. माणसाचं रूप घेऊन माणसांचीच आतडी खाणारा योमा त्या गावात दडलेला आहे आणि त्याला मारायला गावानंच तिला बोलावलं आहे. तरी ती येताच लोक आडोसे शोधतात. काम झाल्यावर ती पैशांना हात लावत नाही. काळ्या कपड्यांतला माणूस येऊन ते नेईल, एवढं सांगून निघून जाते. गरज सरो, वैद्य मरो, असं आपण म्हणतो. इथे गरज असतानाच वैद्याचा तिरस्कार सुरू झालेला असतो.

नोरिहिरो यागी यांची ही चित्रकथा 2001 ते 2014 या काळात, मुलगे डोळ्यांसमोर ठेवून निघणाऱ्या मासिकांतून प्रसिद्ध झाली. 2007 मध्ये मॅडहाउस स्टुडिओनं तिची 26 भागांची मालिका केली. दिग्दर्शन हिरोयुकी तानाका यांचं, पटकथेची एकूण रचना यासुको कोबायाशी यांची. तलवार चालवणारे जवळपास सगळे हात इथे बायकांचे आहेत. पण तेवढ्यावर समाधान मानू देत नाही, म्हणून ही मालिका मला मोलाची वाटते. या बायकांची ताकद कुणाच्या मालकीची आहे, हा प्रश्न ती पहिल्यापासून विचारते.

ताकद त्यांना घडवणाऱ्या संघटनेची आहे. अनाथ मुली तिच्या हाती लागतात. त्यांच्या शरीरात योमाचं मांस घातलं जातं आणि छातीपोटावर कधीच न मिटणारी शिवण उरते. कथा घडते त्या बेटाचे 47 विभाग, म्हणून योद्ध्याही 47, प्रत्येकीला क्रमांक. कथेची नायिका, पहिल्या भागात गावात शिरणारी ती बाई, क्लेअर सत्तेचाळिसावी, म्हणजे सगळ्यांत शेवटची. आधी पुरुषांवरही हा प्रयोग झाला होता. पण आतली शक्ती मोकळी करताना उसळणारं सुख त्यांना आवरेना आणि ते चटकन राक्षस होऊन बसत. मग हे काम बायकांवर आलं. बाई स्वतःला आवरून धरेल, सोसेल, ही अपेक्षा कथेत एखाद्या तांत्रिक कारणासारखी सांगितली जाते, आणि तिथेच ती मला सगळ्यांत जास्त बोचते. तिचं आवरणंही कायमचं टिकत नाही. मर्यादा जवळ आली की आपल्या तलवारीच्या मुठीत ठेवलेलं काळं पत्र ती एखाद्या मैत्रिणीकडे धाडते: मी माणूस आहे तोवर तू मला मार. क्लेअरला असंच तिच्या मैत्रिणीला, एलेनाला मारावं लागतं.

संघटनेचा एक कडक नियम आहे: माणसाला मारायचं नाही. पहिल्या क्रमांकाची तेरेसा तो मोडते, कारण तिच्या मागेमागे आलेल्या लहानग्या क्लेअरला ती ज्या गावात सोडते, त्या गावावर दरोडेखोर तुटून पडतात. तिला देहदंड ठरतो. तो अमलात आणायला आलेल्या चौघींतली प्रिसिला वयानं कोवळी आणि नियमावर मनापासून श्रद्धा असलेली. तेरेसाचा जीव तीच घेते, पण तेव्हा ती माणूस उरलेली नसते. कथेतली सगळ्यांत भयंकर राक्षसीण होण्याच्या वाटेवर ती निघालेली असते. सगळ्यांत आज्ञाधारक मुलीचं असं व्हावं, यात यागींनी फार मोठी गोष्ट सांगितली आहे. हुकूम देणाऱ्यानं आखून दिलेला चांगुलपणा त्या मुलीला आतून कुठलाच आधार देत नाही.

आधार मिळतो तो एकमेकींकडून. तेरेसाला मारायला आलेल्या चौघींत आयरीनही होती. पुढे क्लेअरचा उजवा हात तुटतो, तेव्हा हीच आयरीन स्वतःचा हात तिला देते. क्लेअर जीन नावाच्या सोबतिणीला राक्षस होण्याच्या काठावरून परत आणते. जीन ते ऋण अखेरची ताकद क्लेअरसाठी खर्चून फेडते. पिएता या उत्तरेकडच्या गावी 24 जणींना मरायलाच पाठवलेलं असतं. त्यांच्यातली मिरिया हे ओळखते आणि जगण्याची युक्ती काढते. सात जणी वाचतात. क्रमांकांची उतरंड त्यांना एकमेकींपासून तोडायला होती. वाचलेल्यांच्या लेखी तिला काही किंमत उरत नाही.

अशाच अंधाऱ्या चित्रकथांच्या परंपरेतली 'बर्झर्क' आठवते. केंतारो मिउरा यांची ही कथा 1989 पासूनची. तिच्यातली कास्का तलवारबाज, सेनापतीच्या गैरहजेरीत अख्खी फौज सांभाळणारी. तिच्यावर अत्याचार होतो, ती भान हरपते, आणि त्यानंतर तिचं दुःख बराच काळ नायकाच्या सूडाचं इंधन होऊन राहतं. ती भानावर येईपर्यंत वाचकांना दोन दशकांहून अधिक वाट पाहावी लागली. मिउरांच्या चित्रांची थोरवी मी मानतो, पण कास्काच्या बाजूनं विचार केला की तिच्याबाबतची कथेची ती शांतता मला सहन होत नाही.

क्लेअरचं दुःख मात्र तिच्याच हातात राहतं. तेरेसाचं शिर उराशी धरून ती लहान मुलगी स्वतः संघटनेकडे जाते आणि तेरेसाचं रक्तमांस आपल्यात घालायला सांगते. निर्णय भीषण आहे, पण तो तिचा आहे. अंधाऱ्या कथेत बाईला जखमा होणारच, मरणही येणार. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या जखमेनंतर तिला काय वाटलं, तिनं काय ठरवलं, हे सांगायला कथाकार तिच्यापाशी थांबतो का, एवढं मी पाहतो. यागी सत्तेचाळिसाव्या क्रमांकाच्या मुलीपाशी 27 खंड थांबले.