पाय गार आहेत का?

सीएमईला, म्हणजे डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाच्या कार्यक्रमांना, मी बरीच वर्षं फक्त क्रेडिट पॉइंटसाठी जात होतो. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर पाच वर्षांत 30 पॉइंट लागतात. ते भरले की शिक्षण संपलं, असाच माझा हिशेब.

याहून वाईट गोष्ट सांगतो. वक्ता मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयातला असेल तर मी वही उघडायचो. तालुक्यातला असेल तर ती बंदच राहायची. एमडी झालेल्याला आरोग्य केंद्रातला डॉक्टर काय शिकवणार? हे मी कधी बोलून दाखवलं नाही. पण मनात होतं, आणि तो शुद्ध अहंकार होता.

कोकणातल्या एका सीएमईत एक वैद्यकीय अधिकारी विंचूदंशावर बोलत होते. म्हणाले, "लाल विंचू चावलेला पेशंट नुसता ठणक्यानं ओरडत असेल, तर मला धीर असतो. ठणका फारसा नाही, पण उलट्या होतायत, दरदरून घाम सुटलाय, पाय गार पडलेत, तिथं माझी झोप उडते. मॉनिटर नसला तरी पायाला हात लावता येतो ना?" मग प्राझोसिन: किलोमागे 30 मायक्रोग्रॅम, तोंडावाटे, दर 3 तासांनी, पाय कोरडे आणि गरम होईपर्यंत, तोवर पेशंटला उठू द्यायचं नाही, रक्तदाब एकदम उतरतो.

प्राझोसिन मला रक्तदाबाची जुनी गोळी म्हणून ठाऊक होतं. विंचवाच्या विषानं अॅड्रेनलिनसारखी द्रव्यं रक्तात उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं, फुफ्फुसात पाणी भरतं, हेही पाठ होतं. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी पडून होत्या. त्या जोडल्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी लक्षणं टिपली. 'लॅन्सेट'मध्ये ती 1982 साली आली, प्राझोसिनचा अनुभव 1986 साली.

त्या रात्री मी त्यांचे लेख शोधून वाचले. अभिमान वाटला, पण मला खरं हलवलं ते 2011च्या 'बीएमजे'मधल्या लेखानं. ज्या प्राझोसिननं नाव झालं, त्याच्या जोडीला प्रतिविष दिलं तर रुग्ण लवकर बरा होतो का, हे त्यांनी स्वतःच तपासलं होतं. दोन्ही दिलेल्यांपैकी 91 टक्के रुग्ण 10 तासांत सावरले, नुसतं प्राझोसिन घेतलेल्यांपैकी 23 टक्के. स्वतःच्याच उत्तराला हा माणूस इतक्या वर्षांनी पुन्हा प्रश्न विचारत होता. आणि मी? पदवीनंतर एकाही पेशंटची नोंद कुतूहलापोटी ठेवली नव्हती. लेख बाजूला ठेवला तरी हे मनातून जाईना. ज्ञान वरून येतं आणि आपण ते झेलायचं, हा समज म्हणजे माझ्या आळसाला मिळालेली सोय होती.

आता आमच्या मासिक बैठकीत पहिली केस आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांची असते. परवा सर्पदंशाची होती. रक्त 20 मिनिटं न हलवता ठेवून गोठतं का पाहायची चाचणी. परीक्षानळी काचेची, स्वच्छ, कोरडी हवी. प्लॅस्टिकच्या नळीत निकाल फसवा येतो. मांडणाऱ्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "सर, आमच्याकडे काचेच्या नळ्या साबणानं धुतात. त्यानंही फरक पडतो का?" पडतो. साबणाचा अंश राहिला तर रक्त न गोठल्याचा भास होऊ शकतो. माझ्या वॉर्डात नळ्या कशानं धुतात, हे मला सिस्टरना विचारावं लागलं.