सुटलेला हात

इयन मॅक्युअन यांची ‘द चाइल्ड इन टाइम’ ही १९८७ची कादंबरी मी चाळिशीत वाचली. सुपरमार्केटात पैसे द्यायच्या रांगेत बापाची नजर क्षणभर हलते आणि तीन वर्षांची केट नाहीशी होते. आई-बाप एकमेकांपासून लांब जातात. लेकीच्या वाढदिवसाला हा बाप खेळणी विकत आणतो. तिथं मी पुस्तक मिटलं आणि मनानं ओतूरला पोचले.

श्रावणी सोमवार होता. कपर्दिकेश्वराच्या तांदळाच्या पिंडी बघायला पंचक्रोशी लोटलेली. मी नऊ वर्षांची, धाकटा चार. आईनं त्याचा हात माझ्या हातात दिला होता. मागून एकदम रेटा आला आणि माझ्या मुठीत काहीच उरलं नाही.

अण्णा मांडवीच्या काठानं धावत सुटले. नदी गढूळ, दुथडी भरलेली. आई त्या पाण्याकडं मान वळवेना. माझ्याशी कुणी बोलेना.

दोन तासांनी तो एका कासारणीच्या पालात सापडला, शेव-चुरमुरे खात. तिनं त्याला जवळ घेतलं आणि जागची हलली नाही. ‘‘मीबी शोधत फिरले असते तर चुकामूक झाली असती. आई फिरून त्याच वाटंला येती,’’ म्हणाली. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला मात्र सांगत होती, लाल सदऱ्याचं पोर माझ्याकडं हाय, पुढं सांगा. तोच निरोप तोंडोतोंडी आमच्यापर्यंत आला.

अण्णांनी पुढं केलेली नोट तिनं घेतली नाही. मग अण्णांचा हात माझ्यावर उठला, तशी ती मध्ये आली. ‘‘पोरीला बोलू नका, दादा. एवढ्या गर्दीपुढं तिचा काय जोर? तिनं हात सोडला न्हाई, सुटला.’’

मला तिनं समोर बसवलं. अंगठा तळव्यात दुमडला, पंजा दाबून दाबून मऊ केला आणि हिरव्या बांगड्या एकेक करून चढवल्या. ज्या हातातून भाऊ निसटला होता, त्याच हातात.

कादंबरीतला बाप तो एक क्षण वर्षानुवर्षं मनात उगाळत बसतो. मला तसं बसावं लागलं नाही. आमच्या घरात ती गोष्ट पुढं शंभरदा निघाली, पण ‘हात सुटला तेव्हा’ अशीच. ‘सोडला’ हा शब्द अण्णांनीही कधी उच्चारला नाही. आई दर श्रावणात तिच्याकडंच बांगड्या भरायची. एका वर्षी तिचं पाल दिसलं नाही, पुन्हा कधीच दिसलं नाही. नाव विचारायचं राहूनच गेलं.

जत्रेत एकटं मूल दिसलं, तर जवळ घ्या, जागा सोडू नका, १०९८ या मुलांच्या मदत क्रमांकावर कळवा. आणि ज्याच्या हातातून ते सुटलं असेल, त्याला त्या दिवशी काही बोलू नका.