होडीचे बूड

होडी वाळूत ओढून तिचे बूड खरवडणे, हे लहानपणापासून माझे काम. तिथे चिकटलेली पांढरी, धारदार कवचे बोटे कापतात. गेल्या मे महिन्यात मालवणात बाबांची होडी भाड्याने घेतलेल्या एका संशोधक बाईंनी त्यांचे नाव सांगितले, बार्नकल. मी त्यांना शिंपले समजत होतो. "शिंपले नव्हेत, कोळंबीचे भाऊबंद," त्या म्हणाल्या. (हे उमगायला शास्त्रज्ञांनाही १८३० साल उजाडले, एवढाच दिलासा!) पिलू पाण्यात पोहते, मग डोके टेकून एका जागी चिकटते आणि उरलेला जन्म पायांनी अन्न ओढून खाते.

बाईंचा विषय प्रवाळात घर करणारे बार्नकल. किनाऱ्यावर पडलेल्या प्रवाळावर त्यांनी भिंग धरले. मला नुसते भोकच दिसले. होडीवरच्या बार्नकलची भिंत सहा तुकड्यांची. प्रवाळातल्यांत चार, काहींत तर सगळे जुळून एकच. तोंडावरच्या झडपांचा आकारही पाहायचा. पण प्रवाळ त्यांच्या अंगावर वाढतो, त्यामुळे कवच फसवते. डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे बार्नकलांत घालवली. त्याने एकाच जातीचे म्हणून धरलेले काही प्रकार पुढे स्वतंत्र जाती ठरले. अग्निप्रवाळावरची एक जात तर सगळे एकच समजत. २००९ साली तिच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि प्रवाळ बदलेल तसे कूळही वेगळे निघाले!

ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. वाटला तो हेवा. दहावीला विज्ञानात मला बरे गुण होते. पण विज्ञान शाखा लांब, राहण्याचा खर्च झेपणारा नव्हता. घरात कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला. कोणती पायरी, हे विचारायची सोय नव्हती.

"तू काय शिकतोस?" बाईंनी विचारले.

"बी. ए. इतिहास," मी पुटपुटलो.

"मग जुन्या नोंदी वाचायला ये. कोणती जात कुठे सापडली, हे कुणीकुणी लिहून ठेवलंय. ते शोधायला आम्हांला माणूस मिळत नाही."

हे खरे की माझी समजूत घातली, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

"ह्यां सगळां एकच. खरवड आधी," बाबा तेव्हा म्हणाले होते. दिवाळीच्या सुट्टीत मी खरवडताना चार कवचे बाजूला ठेवली. बाबा जवळ येऊन बसले.

"ह्येच्यातलो येगळो खयचो?"

मी मोजले. "सगळे सहाचेच."

बाबांनी चष्मा पुसला, एक कवच उचलले आणि पुन्हा मोजायला घेतले.