थांबवणाऱ्याचं देणं

नानांनी आमच्या शेडला एक टाकाही मारलेला नाही. खड्डे आम्ही घेतले, खांब आम्ही उभे केले, कैच्या आम्ही जोडल्या, पत्रे नवऱ्यानं आणि माझ्या भावानं चढवले. वास्तूला आलेल्या पाहुण्यांनी कौतुक केलं तेही आम्हा दोघांचंच. तरी या तीस फुटी शेडमध्ये बसून देण्या-घेण्याचा हिशेब मांडते तेव्हा बँकेच्या आधी नानांचं नाव येतं. बँकेचं फिटलं.

नाना नात्याचे कोणी नव्हेत. मूळचे खानदेशी, सातपूरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून उभी हयात काढलेले, सिडकोत दोन खोल्या करून राहिलेले. मायको, महिंद्रा, ओझरचं एचएएल यांच्यामुळे नाशिकच्या गल्लीगल्लीत अशी माणसं आहेत. वाकडं काय आणि सरळ काय, ते गुण्या लावण्याआधीच त्यांना दिसतं. माझा नवरा शिकाऊ म्हणून त्यांच्या हाताखाली होता. मी बी.कॉम. झालेली, बिलं आणि उधारी सांभाळणारी. लोखंडाशी माझा संबंध वजनकाट्यापुरता.

२०१७ पर्यंत आम्ही अंबडला भाड्याच्या गाळ्यात ग्रिल, दरवाजे आणि द्राक्षबागांच्या मांडवांचे अँगल करत होतो. मग सासऱ्यांच्या वाटणीतले दिंडोरी रस्त्यावरचे तीन गुंठे मोकळे झाले आणि स्वतःची शेड स्वतःच बांधायची असं ठरलं. ठेकेदार परवडत नव्हता, हे खरं कारण. काळी माती उपसून मुरूम लागेपर्यंत खाली गेलो. ही माती पावसात फुगते आणि उन्हात फाटते, तिच्यावर नुसतं टेकवलेलं काही जागेवर राहत नाही. दत्तजयंतीपर्यंत खांब उभे होते. विजेची जोडणी आली नव्हती, म्हणून डिझेलवर चालणारा वेल्डिंगचा जनरेटर रोजाच्या भाड्यानं आणला होता. तो चालला काय आणि नुसता उभा राहिला काय, भाडं तेवढंच.

दत्तजयंती ३ डिसेंबरला, रविवारी झाली. सोमवारी आभाळ भरून आलं. ओखी वादळ कन्याकुमारी, लक्षद्वीप करून अरबी समुद्रातून वर सरकत होतं. केरळच्या मासेमारी बोटी जीव वाचवत देवगडला लागल्याच्या बातम्या येत होत्या. मंगळवारी मुंबईत शाळांना सुट्टी. चैत्यभूमीला निघालेली आमच्या ओळखीची माणसं दादरला भिजत पोचली. समुद्र आमच्यापासून एवढा लांब, पण नाशिकलाही ऐन थंडीत झिमझिम सुरू झाली. पावसाळ्यातल्या सरीसारखी ती कोसळून मोकळी होत नव्हती. सगळं नुसतं ओलं, गार आणि चिकट.

नवरा कैचीवर चढलेला, मी खाली रॉड देत होते. तेवढ्यात नाना जुन्या बजाज स्कूटरवरून आले. स्कूटर लावायच्या आधीच ओरडले, "काय करून राहिले तुम्ही? उतर खाली."

"नाना, ऐंशीच तर व्होल्ट असतात."

"कोरड्या हाताला ऐंशी. ओला मोजा घालून, ओल्या लोखंडावर बसून किती, ते छातीला विचार." त्यांनी सरळ जनरेटर बंद केला आणि होल्डर गुंडाळून स्कूटरच्या डिकीत टाकला.

मला राग आला. भाडं मी मोजत होते ना! त्यांनी एक रॉड माझ्या हातात दिला, म्हणाले, वास घे. वास काही येईना. मग जे सांगितलं, ते मी आजवर विसरलेले नाही. रॉडवरचा मसाला हवेतली ओल पितो. आर्कच्या उष्णतेत त्या पाण्यातला हायड्रोजन सुटतो आणि वितळलेल्या लोखंडात शिरतो. मग जोडात बारीक भोकं राहतात. जाड आणि कडक पोलाद असेल तर जोड थंड झाल्यावर काही तासांनी, कधी दोन दिवसांनीही आतून तडकतो, वरून मात्र छान दिसतो. साधा रॉड शंभर अंशांच्या आसपास सुकवला तर चालतो. ७०१८ नंबरचा तीनशेच्या वर भाजावा लागतो. दुसऱ्या दिवशी जुन्या पत्र्याच्या पेटीत शंभर वॉटचा बल्ब बसवून ती त्यांनी आणून दिली. सुकवलेले रॉड तिच्यात ठेवायचे. ती अजून वापरात आहे, बल्ब तेवढे बदलले.

जनरेटरवाल्याशी ते काय बोलले कोण जाणे, पावसाच्या दिवसांचं भाडं त्यानं निम्मं घेतलं.

पण माझं खरं देणं पुढचं आहे. पाऊस थांबेना, तेव्हा नाना म्हणाले, हात रिकामे आहेत तर डोकं चालवा. गावातल्या मारुतीच्या सभामंडपात कोरडी फरशी होती. तिथं त्यांनी माझ्या हातात खडू आणि सुतळी दिली. नवऱ्याला नाही, मला. तीन-चार-पाचचा काटकोन काढायला लावला. मग उरलेल्या कैचीचा पुऱ्या मापाचा नकाशा. अर्धीच काढायची, दुसरी बाजू तिला उलटी मारली की झाली. पायाला पंधरा फूट, मध्ये उंची पाच फूट. तिरक्याचं माप कागदावर काढलं तर पंधरा फूट पावणेदहा इंच आलं. फरशीवर टेप लावला, तेवढंच भरलं. शाळेत ज्या पायथागोरसानं मला रडवलं होतं, तो असा देवळात भेटला. हरिपाठाला आलेल्या बायका कडेकडेनं बसल्या, एकीनं विचारलं, ही कसली गं रांगोळी? कुणी तिच्यावर पाय दिला नाही. आमच्याकडची सगळी मार्किंग आज मी करते. नवरा माझी रेघ बघून कापतो, परत मोजत नाही.

त्याच दिवसांत शेजारच्या बागायतदारानं ताडपत्री आणून दिली. लाल कांदा पिंपळगावला घालून तो मोकळा झाला होता, म्हणून ती रिकामी होती. आमचं सिमेंट आणि कापलेले अँगल तिच्याखाली वाचले. त्याची स्वतःची बाग फुलोऱ्यात होती. अशा वेळी पाऊस म्हणजे डाऊनी आणि गळकूज. रात्रभर त्याच्या ट्रॅक्टरवरच्या ब्लोअरचा आवाज यायचा. तशातही सकाळी येऊन ताडपत्रीत साचलेलं पाणी ओतून जायचा. त्याच्या नव्या मांडवाचे अँगल आम्ही पुढे मजुरी न घेता करून दिले, त्यामुळे तिकडचा हिशेब थोडा तरी हलका झाला.

नानांच्या बाबतीत ते जमत नाही. पैसे घेत नाहीत. गॅलरीला ग्रिल करून देतो म्हटलं तर, वारा अडतो, म्हणाले. दिवाळीचा फराळ तेवढा घेतात आणि डबा रिकामा परत करत नाहीत.

त्यांच्यामुळे नुकसानही होतं, तेही सांगायला हवं. गेल्या श्रावणात एका गिऱ्हाइकाला भर पावसात जिन्याचे जोड हवे होते. आम्ही थांबा म्हटलं आणि काम दुसऱ्याकडे गेलं. चांगलं मोठं काम होतं. नानांना फोन करून सांगितलं. वाटलं, शाबासकी देतील. ते म्हणाले, "कुणाकडे गेलं? त्याला जाऊन सांग, रॉड तरी भाजून घे म्हणावं."