विक्रोळीहून गेलेली पत्रं

शहाड,
१२ जानेवारी २०२५

चि. बाळ हिस,


अटलांटाहून पाठवलेला तुझा फोटो मिळाला. माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या अंत्यदर्शनासाठी तू थंडीत रांगेत उभी राहिलीस, याचं फार बरं वाटलं. फोटोखाली तू विचारलं होतंस, "मावशी, इथे सगळे म्हणतात, माणूस मोठा, पण अध्यक्ष म्हणून कमी पडला. तुला काय वाटतं?" याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही. म्हणून कागद घेऊन बसले.

सुरुवात अमेरिकेपासून करत नाही, विक्रोळीपासून करते. शहाडहून कल्याणला उतरून स्लो गाडी पकडली की येणारी, तुझ्या ओळखीची विक्रोळी. कार्टर यांच्या आई लिलियनबाई तिथे एकवीस महिने राहिल्या होत्या. त्यांचा जन्म १५ ऑगस्ट १८९८ चा. शिक्षणाने नर्स. नवरा १९५३ साली गेला, मुलं मोठी होऊन आपापल्या संसाराला लागली. केनेडींनी १९६१ साली 'पीस कोअर' काढली होती, परदेशात जाऊन सेवा करणाऱ्या स्वयंसेवकांची. तिला वयाची अट नाही असं टीव्हीवर पाहून बाईंनी अर्ज केला. १९६६ साली, अडुसष्टाव्या वर्षी, त्या आपल्याकडे आल्या. त्याच वर्षी त्यांचा मुलगा जॉर्जियाच्या गव्हर्नरपदासाठी उभा राहून हरला होता. अध्यक्षाची आई म्हणून त्यांना इथे कोणी ओळखणं शक्यच नव्हतं.

गोदरेजच्या वसाहतीतल्या दवाखान्यात त्या काम करत. आपणही कंपनीच्या वसाहतीजवळच राहिलो. सेंच्युरी रेयॉनमुळे शहाडला जशी वस्ती झाली, तशीच तीही कारखान्याभोवती वाढलेली वस्ती. शिफ्टचा भोंगा, दवाखान्याची रांग, कागदाच्या पुडीतल्या गोळ्या, मांडीवर तापाचं मूल घेऊन बसलेल्या बाया. ते दृश्य मला कोणी वर्णन करून सांगायला नको.

तिथे लिलियनबाईंनी कुष्ठरोग्यांची सेवा केली. हे वाक्य लिहायला सोपं आहे, पण मी हे काम केलं आहे, म्हणून थोडं थांबून सांगते. मी १९७९ साली नोकरीला लागले तेव्हा डॅप्सोनची गोळी रोग्याला वर्षानुवर्षं घ्यावी लागे. चट्टा तपासताना आम्ही रोग्याला डोळे मिटायला सांगायचो आणि कापसाचं टोक कातडीला लावायचो. कळलं तर त्याने बोट ठेवून जागा दाखवायची. एक बाई डोळे मिटून शांत बसून होत्या. मी तीन वेळा कापूस टेकवला. शेवटी त्यांनीच विचारलं, "सिस्टर, सुरू केलं का?" त्यांचा तळवा निखाऱ्यावर पडून भाजला होता आणि त्यांना पत्ता नव्हता. पाय पाण्यात भिजवायचा, मेलेली कातडी हलक्या हाताने खरवडायची, तेल लावायचं, पट्टी बांधायची आणि मऊ रबराची, एमसीआरची चप्पल घालायला द्यायची. पहिल्या दिवशी घरी येऊन मी किती वेळ हात धूत राहिले ते माझ्या आईने पाहिलं होतं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी डबा मात्र रोजच्यासारखा भरून दिला. भीती अशीच जाते, रोज कामावर जाऊन.

बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये आनंदवन उभारलं, म्हणून महाराष्ट्राला हे काम माहीत होतं. पण हजारो मैलांवरून आलेल्या एका सत्तरीला टेकलेल्या बाईने ते आपलं मानलं, याचं मोल मला मोठं वाटतं. लिलियनबाई घरी पत्रं लिहीत. मुलगा अध्यक्ष झाल्यावर १९७७ साली ती पुस्तकरूपाने आली. म्हणजे पुढे ज्याच्या हाती जगातली सर्वांत मोठी सत्ता येणार होती, त्याच्या घरी त्याच्या आठ-दहा वर्षं आधी विक्रोळीहून पत्रं गेली होती. नेतृत्व घडतं ते अशा ठिकाणी, असं माझं ठाम मत आहे.

आता तुझा प्रश्न. आमच्या पिढीला अमेरिकेचा अध्यक्ष म्हटलं की आधी निक्सन आठवतात. १९७१ च्या युद्धात त्यांनी बंगालच्या उपसागरात सातवं आरमार पाठवलं. पुढे वॉटरगेट झालं आणि ऑगस्ट १९७४ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. लोकांचा सत्तेवरचा विश्वास उडालेला असताना कार्टर आले. शपथविधीनंतर गाडीतून उतरून ते पत्नीचा हात धरून चालत व्हाइट हाउसला गेले. १९७८ साली कॅम्प डेव्हिडला तेरा दिवस खपून त्यांनी इजिप्त आणि इस्राएलचा समझोता घडवला. त्यातून झालेला तह आजही टिकून आहे.

त्यांचं सगळंच गोड होतं असं मी म्हणणार नाही. आपल्या ठाणे जिल्ह्याला त्यांचा दुसरा चेहराही दिसला. तारापूर तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होतं. तिथली अणुभट्टी अमेरिकेने बांधलेली आणि इंधनही तिथूनच येण्याचा करार. जानेवारी १९७८ मध्ये कार्टर दिल्लीला आले तेव्हा अणुभट्ट्यांच्या तपासणीची अट पंतप्रधान मोरारजीभाई देसाईंनी मानली नाही. मोरारजीभाईंना कडक शब्दांत पत्र लिहायला हवं, असं कार्टर आपल्या परराष्ट्रमंत्र्यांना म्हणाले, आणि ते जवळच्या माइकने टिपलं. त्याच वर्षी त्यांच्या सहीने झालेल्या कायद्यामुळे तारापूरचं इंधन अडलं. पण १९८० मध्ये त्यांनीच अडतीस टन युरेनियम पाठवायची बाजू घेतली आणि सिनेटमध्ये ती अवघ्या दोन मतांनी टिकली. आईची पत्रं आणि मुलाचं कडक पत्राचं ते बोलणं, दोन्ही आपल्या परिसराशी जोडलेली आहेत. दोन्ही लक्षात ठेवावीत.

ते पुढची निवडणूक का हरले, याचं माझ्या परीने उत्तर सांगते. इराणमध्ये ओलीस धरलेली बावन्न माणसं ४४४ दिवस सुटली नाहीत, महागाई भडकली, ही कारणं आहेतच. पण जुलै १९७९ मध्ये टीव्हीवरून ते देशाला म्हणाले होते की, माणसाची ओळख त्याच्या कामावरून न होता त्याच्याकडच्या वस्तूंवरून होऊ लागली आहे, आणि वस्तू साठवून जगण्याची पोकळी भरत नाही. लोकांना हे ऐकायचं नव्हतं. प्रतिस्पर्धी रेगन यांनी लोकांना दिलासा देणारं चित्र दाखवलं आणि १९८० साली पन्नासपैकी चव्वेचाळीस राज्यं जिंकली. कार्टर यांनी व्हाइट हाउसच्या छपरावर बसवलेली सौर तापकं १९८६ मध्ये छपराच्या दुरुस्तीच्या वेळी उतरवली गेली, ती परत चढली नाहीत. भरपूर घ्या, भरपूर वापरा ही त्या दशकाची संस्कृती पुढे केबलच्या तारेवरून आपल्याही घरात आली. आज उल्हास नदीच्या पुलावरून जाताना पाण्यावरचा कचरा पाहिला की मला ते भाषण आठवतं. ते खरं होतं.

खुर्ची गेल्यावर ते काय करत राहिले, ते बघ. तुझ्या आजीच्या तोंडी नारू हा शब्द असायचा. विहिरीच्या पाण्यातून पोटात जाणारा आणि वर्षभराने पायातून दोरीसारखा बाहेर येणारा किडा. त्यावर लस नाही, औषध नाही. पाणी फडक्याने गाळून प्यायचं, हाच मुख्य उपाय. आपल्या देशाने स्वतःच्या मोहिमेने तो घालवला आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. जगभरातून तो घालवण्याचं काम कार्टर यांच्या संस्थेने १९८६ पासून हाती घेतलं. तेव्हा वर्षाला अंदाजे पस्तीस लाख रुग्ण होते. २०२३ साली साऱ्या जगात चौदा. ज्यांचं मत त्यांना कधीच मिळणार नव्हतं, अशा माणसांच्या पायांतला किडा काढायला त्यांनी अर्धं आयुष्य दिलं. मला यात विक्रोळीचा दवाखाना दिसतो.

म्हणून, बाळ, कमी पडले असं मी म्हणणार नाही. पद चार वर्षांचं होतं, माणूस शंभर वर्षं पुरला.

एक सांगणं आहे. आपल्या दवाखान्यांतून तसंच काम केलेल्या कितीतरी सिस्टर होऊन गेल्या. लिलियनबाई आपल्याला माहीत आहेत, कारण त्यांनी लिहून ठेवलं. आम्ही कोणीच लिहिलं नाही. मी आता लिहायला घेतलं आहे, हे पत्र त्यातलं पहिलं. तूही तिथे काय पाहतेस, ज्यांच्यात राहतेस ते लोक कसे आहेत, ते सविस्तर लिही. मेसेज नको, पत्र पाठव.

तुझी,
मावशी