मुलांसकट संसार मांडणाऱ्या बापास

भाऊ,



हे पत्र एकट्या कुणाला नाही. मलकापूर-नांदुऱ्याकडच्या घाटाखालच्या गावांतून सुरतेला लूमवर गेलेले, मेहकर-लोणार-सिंदखेड राजाकडून ऊसतोडीला नाहीतर पुण्याच्या बांधकामांवर गेलेले तुम्ही. एखाद्या विधवा किंवा नवऱ्यानं टाकलेल्या बाईशी तुम्ही लग्न केलंत आणि तिच्या मुलांसकट संसार मांडलात. मी तुमचा सत्कार करायला हे लिहीत नाही. माझी उभी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली, दाखले देण्याघेण्यात गेली. त्यामुळे सोयरिकीच्या बैठकीत सगळ्यात शेवटी निघणाऱ्या वाक्याकडे माझे कान असतात. देणंघेणं ठरतं, तारीख ठरते आणि उठता उठता कुणीतरी म्हणतं, "पोरांच्या शाळेचं पुढं पाहू."

ते पुढं पाहायचं आत्ताच पाहा, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आपल्या जिल्ह्याला या विषयाची जुनी ओळख आहे. 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे बुलडाण्याच्या. पुस्तक १८८२ सालचं, आणि त्याला निमित्त झालं ते सुरतेचं: नवजात मूल मारल्याबद्दल विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर तिथं १८८१ मध्ये खटला चालला आणि तिला फाशीची शिक्षा झाली, जी पुढे कमी करण्यात आली. वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांना धारेवर धरलं, तेव्हा ताराबाईंनी पुरुषांना जाब विचारला. विधवेचं लग्न उच्चवर्णीयांत तेव्हा पाप होतं. शेतकरी-कारागीर जातींत पाटाची रीत होती. पण पाट लागला की पहिल्या नवऱ्याची मुलं बहुधा त्याच्याच घरी राहायची. बाईला घर मिळायचं आणि लेकरांची आई जायची.

तुम्ही ती रीत मोडलीत. म्हणूनच सांगतो, शाळेचं कारण पुढं करून ती पुन्हा घरात येऊ देऊ नका.

कारण होतं असं. लग्न होतं, दोघं सुरतेला जातात. धाकटं मूल सोबत जातं, थोरलं आजीकडे राहतं. "त्याची शाळा बुडायला नको," असं सगळेच म्हणतात. शाळेची काळजी खरी असेलही. पण खोलात गेलं तर बऱ्याचदा वावर निघतं. बाप गेला, वारस फेरफार झाला, सातबाऱ्यावर मुलाचं नाव चढलं आणि त्याच्यापुढे 'अ.पा.क. आई', म्हणजे अज्ञान मुलाची पालनकर्ती आई, असं लागलं. आजोबांना आणि चुलत्याला वाटतं, पोरगं गावात राहिलं तर वाटा घरात राहील. आईला वाटतं, पोरगं गावातून हललं तर त्याचा वाटा जाईल. दोघांची भीती एकच आणि दोघांचीही अनाठायी. बापाकडून आलेला वाटा मूल सुरतेत शिकलं म्हणून जात नाही आणि आईनं दुसरं लग्न केलं म्हणूनही जात नाही. अज्ञान मुलाची जमीन न्यायालयाच्या परवानगीशिवाय आईलासुद्धा विकता येत नाही. म्हणून लग्नाआधी तलाठ्याकडून सातबारा काढा आणि आजोबांसमोर ठेवा. ज्या घरातला कर्ता शेतकरी आत्महत्येनं गेला, तिथं एक लाखाच्या मदतीतले सत्तर हजार ठेवीत असतात. त्या ठेवीची पावतीही त्याच वेळी पुढं ठेवा. जमिनीचा प्रश्न जमिनीपाशी मिटला की शाळेचा प्रश्न शाळेचा राहतो.

मूल मागे ठेवूच नये, असं माझं म्हणणं नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या कोयत्याबरोबर, म्हणजे जोडप्याबरोबर, मूल फडात नेण्यापेक्षा सहा महिने गावात ठेवलेलं बरं. त्यासाठीच सरकारनं हंगामी वसतिगृहाची योजना केली आहे. घरचं माणूस सांभाळायला असेल आणि आई हंगाम संपताच परतणार असेल, तर ते ठेवणं नव्हेच. ठेवणं म्हणजे वर्षानुवर्षं आजीकडे आणि आई फक्त फोनवर. फरक मुलाला बरोबर कळतो.

आता सोबत नेलं तर. पहिला प्रश्न माध्यमाचा. सुरत महापालिकेच्या शिक्षण समितीच्या शाळा सात माध्यमांत चालतात: गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, उडिया आणि तेलुगू. लिंबायत-उधन्याकडे मराठी माणूस इतका आहे की मराठी वर्ग शोधावा लागत नाही. तरी शेजाऱ्याचं पाहून लोक मुलांना खासगी इंग्रजी शाळेत घालतात, दोन वर्षांत फी थकते आणि मग दाखला अडतो. इंग्रजी वाईट म्हणून मी हे सांगत नाही. तुम्हीच म्हणता ना, "पाच-सहा वर्षं कमवू आणि गावाकडे येऊ"? मग मूल परत येऊन कुठल्या वर्गात, कुठल्या भाषेत बसणार, याचा विचार जातानाच करावा लागतो. गुजरातेत २०२३ पासून पहिली ते आठवी गुजराती विषय सक्तीचा आहे. आपल्याकडे २०२० च्या कायद्यानं पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे. म्हणजे मराठी माध्यमातल्या मुलाला तिकडे गुजराती मिळेल आणि परतल्यावर मराठीही तुटलेली नसेल. गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात घातलंत, तर रोज अर्धा तास मराठी वाचन-लेखन घरी झालं पाहिजे. बोलता येतं म्हणजे लिहिता येतं, असं समजू नका. घरात फर्डं वऱ्हाडी बोलणारी मुलं परतल्यावर सातवीच्या वर्गात जोडाक्षरापाशी थांबतात, हे मी पाहिलेलं आहे.

कर्नाटकात किंवा तेलंगणात कामाला असाल तर लिपीच वेगळी, म्हणून हे आणखी जपावं लागतं. लिपीच्या या अडचणीत जगात तुम्ही एकटे नाही. थायलंडच्या ईसान भागातल्या कितीतरी बायका युरोपातल्या पुरुषांशी लग्न करून जर्मनी-स्वीडनला जातात. पहिल्या नवऱ्याची मुलं कधी आजीकडे राहतात, कधी मागाहून नेली जातात. तिथल्या शाळेत त्यांना नवी भाषा मुळाक्षरांपासून शिकावी लागते. घरात थाई लिहिण्या-वाचण्याची सवय ठेवली नाही, तर परतल्यावर स्वतःच्याच लिपीपाशी अडायची वेळ येते. तिथल्या सावत्र बापांनाही हेच ठरवावं लागतं: नेणार असू तर परतीचं काय?

कायदा तुमच्या बाजूला आहे, पण तो माहीत हवा. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यानुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयाला साजेशा वर्गात घ्यावंच लागतं. ते मागे पडलं असेल तर शाळेनं विशेष प्रशिक्षण द्यायचं असतं. वर्षाच्या मध्यात आलं म्हणून किंवा जन्माचा दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. दाखला यायला उशीर झाला तरी प्रवेश थांबत नाही, आणि जुन्या मुख्याध्यापकानं दाखला लगेच द्यायचा असतो. स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांसाठी महाराष्ट्रात शिक्षण हमी कार्ड आहे. निघण्याआधी शाळेतून ते मागून घ्या. यू-डायस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतला मुलाचा कायमचा पेन क्रमांक वहीत लिहून ठेवा. नव्या शाळेनं त्या क्रमांकानं मुलाला आपल्याकडे ओढून घेतलं नाही, तर ऑनलाइन नोंदीत ते 'ड्रॉपबॉक्स'मध्ये पडून राहतं. शाळेत रोज जातं आणि सरकारी हिशेबात शाळाबाह्य ठरतं.

मात्र या कायद्याचं बळ आठवीपर्यंतच. म्हणून परतीचं वेळापत्रक वर्गांवरून ठरवा. पाचवीला मूल बुलडाणा जिल्ह्यातल्या शाळेत असेल, तरच त्याला शेगावच्या नवोदय विद्यालयाच्या सहावीसाठी या जिल्ह्यातून परीक्षा देता येते. हुशार मूल असेल तर ते वर्ष इथं काढा. ते जमलं नाही तर पुढचा टप्पा आठवीचा. फार तर नववीच्या सुरुवातीला परत या. दहावीच्या तोंडावर आणू नका. मंडळ बदलतं, विषय बदलतात, पात्रतेचे कागद फिरत राहतात आणि मूल मधल्यामध्ये लटकतं. पुढचंही पाहा. महाराष्ट्रात वैद्यकीय प्रवेशाच्या राज्याच्या जागांसाठी साधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागतात, शिवाय अधिवासाचा दाखला लागतो. अभियांत्रिकीच्या अटी थोड्या सैल आहेत. माहितीपुस्तिका त्या-त्या वर्षीची वाचा. ज्याची शाळा पार तुटली, त्याच्यासाठी बाहेरून परीक्षेला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म आहे, मुक्त विद्यालय आहे. पण तो पडल्यावर उठण्याचा मार्ग झाला. मूल पडेपर्यंत वाट कशाला पाहायची?

आता अवघड भागाकडे येतो. प्रवेशाच्या फॉर्मवर वडिलांचं नाव काय लिहायचं?

बहुतेक भांडणं इथंच होतात. तुम्हाला मनापासून वाटतं की पोर आता माझं आहे, माझंच नाव लागावं. आजोबांना वाटतं, मेलेल्या लेकाचं नाव पुसलं. कायद्यानं हे असं आहे: १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात 'वडील' या शब्दात सावत्र वडील येत नाहीत. बाप नसेल तर नैसर्गिक पालक आई. म्हणून सही तिची. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मुलाचं आडनाव ठरवण्याचा आणि ते दत्तक देण्याचाही अधिकार अशा आईला आहे. त्याच निकालात, कागदोपत्री दुसऱ्या नवऱ्याची नोंद 'सावत्र वडील' अशी करायला लावणारा आदेश न्यायालयानं जवळजवळ क्रूर आणि अविचारी ठरवला. म्हणजे नाव बदलायचंच असेल तर वाट आहे: आईचा निर्णय, रीतसर दत्तक, कागद पक्के.

पण घाई करू नका. जातीच्या दाखल्याला आणि पडताळणीला बहुधा बापाकडचेच पुरावे लागतात. ओबीसीला १९६७ पूर्वीचे, विमुक्त-भटक्यांना १९६१ पूर्वीचे, अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीचे. आजोबांचा जीर्ण शाळेचा दाखला तेव्हा सोन्यापेक्षा महाग होतो. सुरतेच्या शाळेत एक नाव, गावच्या दाखल-खारीज रजिस्टरात दुसरं आणि सातबाऱ्यावर तिसरं असेल, तर सतराव्या वर्षी ते मूल सेतू केंद्र, तहसील आणि पडताळणी समितीच्या पायऱ्या झिजवत बसतं. रजिस्टरातलं नाव शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय हलत नाही, आणि शाळा सोडल्यावर तर फारच कठीण. तेव्हा दत्तकविधान होत नाही तोवर सगळीकडे एकच नाव ठेवा: जन्मदात्याचं. आजोबांशी संबंध ठेवायला त्यांच्या दाखल्याची गरज हे एक निमित्त पुरेसं आहे. खरं कारण मात्र मूल आहे. गावी परतल्यावर शाळेत ते ज्याचा नातू म्हणून ओळखलं जाईल, त्या माणसाशी तुमचं बोलणं असायला हवं.

नाव आपलं नाही याचं वाईट वाटेल. वाटू द्या. पालकसभेला जाऊन बसायला कोणाची मंजुरी लागत नाही. फॉर्मवर फोन नंबर तुमचा द्या. ताप आला की शाळा तुम्हालाच फोन करील.

शेवटचं, मुलाला विचारा. आई आणि तुम्ही दोघं ठरवून मोकळे होता, आणि बारा वर्षांची मुलगी गाडीत बसल्यावर विचारते, "माझी मैत्रीण कुठल्या शाळेत जाणार?" तिला दोन महिने आधी सांगितलं असतं तर तिनं निरोप घेतला असता, पुस्तकं परत केली असती, नव्या शाळेबद्दल चार प्रश्न विचारले असते. विदर्भात शाळा साधारणपणे जूनच्या अखेरीस उघडतात, गुजरातेत त्याआधी. उन्हाळ्याच्या सुटीत जा, म्हणजे दोन्हीकडचं सावरता येतं. मूल नेण्याच्या आधी त्याला एकदा ती शाळा दाखवून आणा. परत आणतानाही तसंच करा. परतीला लोक फक्त घराची डागडुजी करून ठेवतात, मुलाला कोणी तयार करत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी सोयरीक घेऊन आलं आणि बैठकीत तुम्हाला मध्यस्थ म्हणून बसवलं, तर देण्याघेण्याच्या आधी तीन गोष्टी विचारा: मूल कोणासोबत राहणार, पुढच्या जूनमध्ये ते कुठल्या शाळेत असणार, आणि दहावी कुठून देणार. तिन्ही उत्तरं कागदावर लिहून त्याखाली आईची सही घ्या. ज्या बैठकीत हे लिहिता येत नाही, ती बैठक अजून पूर्ण झालेली नाही, असं खुशाल म्हणा. लोक हसतील, पण उत्तर द्यावंच लागेल.

कळावे,

आपला,
बुलडाणा जिल्ह्यातला एक निवृत्त मुख्याध्यापक