ना नफा ना तोटा, तरी कर

मी मूळची निपाणीची. नोकरीच्या निमित्ताने म्हैसूरला आले आणि इथेच राहिले. एका कुटुंबाच्या उद्योगसमूहाचे हिशेब मी सांभाळते. समूहात दोन कंपन्या आहेत. पहिलीचा हेब्बाळ औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याची खोकी छापण्याचा कारखाना आहे. म्हैसूरच्या अगरबत्ती धंद्याला अशी खोकी सतत लागतात. याच कंपनीचा एक डेपो कोल्हापूरला आहे. दुसरी कंपनी कुटुंबातल्या दोन भावांपैकी धाकट्याची. ते डॉक्टर आहेत आणि शहरात त्यांचं निदानकेंद्र आणि छोटं रुग्णालय आहे. भागभांडवल दोन्ही ठिकाणी त्याच कुटुंबाचं.

हिशेबनीस, पगारपत्रकं करणारी मुलगी, संगणक सांभाळणारा, खरेदी बघणारे असे सगळे कारखान्याच्या पगारावर होते. ते दोन्ही कंपन्यांचं काम करत. महिनाअखेरीस एकूण खर्चाची कर्मचारीसंख्येच्या प्रमाणात वाटणी करायची आणि रुग्णालयाच्या वाट्याची रक्कम डेबिट नोट काढून त्यांच्या नावे टाकायची, अशी पद्धत होती. वर एक रुपयाही लावायचा नाही. थोरल्या भावाचा शब्दच होता, की भावाकडून नफा घ्यायचा नाही.

१ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि या डेबिट नोटवर कर लावायचा का, हा प्रश्न माझ्या टेबलावर आला. तोवरचा व्हॅट फक्त मालावर होता. कर्नाटकात तो १ एप्रिल २००५पासून होता. सेवाकर वेगळा होता, आणि त्या काळात अशा खर्चवाटणीच्या बाजूने काही निकालही लागले होते. अरविंद मिल्सने आपली माणसं उपकंपन्यांकडे कामाला पाठवली आणि त्यांचा खर्च तेवढाच परत घेतला. हा मनुष्यबळ पुरवण्याचा धंदा नाही, असं गुजरात उच्च न्यायालयाने २०१४मध्ये म्हटलं होतं. त्यामुळे आमच्यासारख्या अनेक समूहांत ‘नफा नाही म्हणजे कर नाही’ असा समज पक्का झाला होता.

डॉक्टरांनी मला सरळ विचारलं, “ताई, घरातला खर्च आपण वाटून घेतो. यात कमाई कुणाची होते? मग कर कशावर?”

मला तो प्रश्न रास्त वाटला. मी कायदा घेऊन बसले. उत्तर मिळालं, पण ते डॉक्टरांना आवडेल असं नव्हतं.

जीएसटी नफ्यावर लागत नाही. नफ्यावर प्राप्तिकर लागतो. जीएसटी लागतो पुरवठ्याच्या मोबदल्यावर, आणि मोबदला खर्चाइतकाच असला तरी तो मोबदलाच. हा कर मूल्यवर्धनावरचा असल्यामुळे लोक मूल्यवर्धन म्हणजे नफा असं धरतात. खरं तर एखाद्या कंपनीने बाहेरून आणलेल्या वस्तू-सेवांवर स्वतः जी भर घातली, ती सगळी मूल्यवर्धन. त्यात नफा येतोच, पण पगारही येतो. हिशेबनीसाच्या कामात तर भर म्हणजे जवळजवळ सगळा त्याचा पगारच. म्हणून नफा शून्य असला तरी मूल्यवर्धन शून्य होत नाही. हे डॉक्टरांना समजावताना माझंही डोकं लख्ख झालं.

त्यावर त्यांनी सुचवलं, “मग पैसे घेऊच नका. फुकट करा.” पण कायद्याने ती वाटही बंद केलेली आहे. पहिल्या अनुसूचीतल्या दुसऱ्या कलमाप्रमाणे संबंधित व्यक्तींमध्ये व्यवसायाच्या ओघात झालेला पुरवठा मोबदल्याशिवाय असला तरी पुरवठाच धरला जातो. दोन्ही कंपन्यांत एकाच व्यक्तीकडे पंचवीस टक्के किंवा अधिक मतदानाचे भाग असले, की त्या संबंधित ठरतात. आमच्याकडे तर थोरल्या भावाचा वाटा दोन्हीकडे निम्मा होता.

आता किंमत किती धरायची? त्यासाठी नियम २८ आहे. आधी खुल्या बाजारातलं मूल्य बघायचं, तसं न मिळाल्यास तशाच प्रकारच्या सेवेचं. तेही नसेल तर नियम ३० प्रमाणे खर्चाच्या ११० टक्के, किंवा नियम ३१ प्रमाणे दुसरी वाजवी पद्धत. म्हणजे ज्या ‘मूळ खर्चा’चा आम्हाला एवढा आधार वाटत होता, तो कायद्याला पुरेसाही नव्हता. मात्र याच नियमात एक मोठी सवलत आहे. सेवा घेणाऱ्याला पूर्ण इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत असेल, तर बिलावर जी किंमत लिहिली तीच बाजारमूल्य मानली जाते.

सगळा प्रश्न इथे येऊन ठरतो. घेणाऱ्याला क्रेडिट मिळत असेल तर कर एका हाताने भरायचा आणि दुसऱ्या हाताने वजा करून घ्यायचा. आमच्या रुग्णालयाला ते मिळत नाही, कारण आरोग्यसेवा करमुक्त आहे. रुग्णाच्या बिलावर कर नसतो, म्हणून रुग्णालयाने खरेदीवर भरलेला करही परत मिळत नाही. तो खर्चात मुरतो. करमुक्तीचा हा दुसरा चेहरा रुग्णाला कधी दिसत नाही.

मी आकडे मांडले. रुग्णालयाच्या वाट्याला वर्षाला चौदा लाखांचा खर्च येत होता. त्यावर अठरा टक्के म्हणजे २,५२,००० रुपये. नियम ३० प्रमाणे दहा टक्के वाढवून किंमत धरली तर १५,४०,००० आणि कर २,७७,२०० रुपये. तेच लोक रुग्णालयाच्या स्वतःच्या पगारावर असते तर कर शून्य, कारण कर्मचाऱ्याने मालकाला नोकरीत दिलेली सेवा तिसऱ्या अनुसूचीप्रमाणे पुरवठाच नाही. काम तेच, माणसं तीच, टेबलंही तीच. फरक एवढाच, की नेमणूकपत्र कोणत्या कंपनीचं.

त्याच सुमारास बंगळुरूचा एक निर्णय आमच्या वर्तुळात खूप चर्चिला गेला. कोलंबिया एशिया ही रुग्णालयांची साखळी. तिची सहा राज्यांत मिळून अकरा रुग्णालयं होती, त्यांतली सहा कर्नाटकात, आणि त्यांत एक म्हैसूरमध्येही. बंगळुरूच्या मुख्य कार्यालयातले कर्मचारी सगळ्या रुग्णालयांचं लेखाकाम, प्रशासन आणि संगणकव्यवस्था बघत. परराज्यातल्या रुग्णालयांसाठी केलेलं हे काम पुरवठा ठरतं का, असं कंपनीने कर्नाटकच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाला विचारलं. जुलै २०१८मध्ये उत्तर आलं की ठरतं. डिसेंबर २०१८मध्ये अपील प्राधिकरणानेही तेच कायम ठेवलं. असा निर्णय कायद्याने फक्त अर्जदाराला आणि त्याच्या अधिकाऱ्यांना बांधतो, पण त्याची धास्ती सगळ्यांनीच घेतली.

तो वाचताना मला कायद्याची रचना नीट दिसली. एकाच कंपनीची एका राज्यातली सगळी कार्यालयं साधारणपणे एकाच नोंदणीखाली असतात. म्हणून बंगळुरूच्या मुख्य कार्यालयाने दीडशे किलोमीटरवरच्या म्हैसूरच्या रुग्णालयाचं काम केलं तर कर नाही. तेच काम पुण्याच्या रुग्णालयाचं केलं तर कर आहे, कारण महाराष्ट्रातली नोंदणी वेगळी आणि कायद्याच्या नजरेत ती वेगळी व्यक्ती. आमचा कोल्हापूरचा डेपो निपाणीला असता, तर तो जीएसटी नोंदणीतल्या २९ या कर्नाटकाच्या क्रमांकाखाली आला असता आणि म्हैसूरहून त्याचं कितीही काम केलं तरी प्रश्न उठला नसता. निपाणीहून कोल्हापूर तासाभराच्या अंतरावर. पण तिथे क्रमांक २७ सुरू होतो. माझ्या माहेरच्या लोकांना या सीमेचे बाकीचे सगळे अर्थ ठाऊक आहेत. हा करातला अर्थ मला म्हैसूरला येऊन कळला.

आणि दोन वेगळ्या कंपन्या असल्या, तर अंतराचा संबंधच उरत नाही. त्या एका इमारतीत असोत, एका खोलीत असोत, पॅन वेगळा म्हणजे व्यक्ती वेगळी.

कोल्हापूरच्या डेपोचं कोडं पुढे बरंचसं सुटलं. डेपो करपात्र खोकी विकतो, त्यामुळे त्याला पूर्ण क्रेडिट मिळतं. १७ जुलै २०२३च्या परिपत्रकाने स्पष्ट केलं, की अशा शाखेला मुख्य कार्यालयाने बिल दिलं नाही तर किंमत शून्य मानता येईल. शाखेला पूर्ण क्रेडिट मिळत नसलं, तरी मुख्य कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांचा पगार किमतीत धरण्याची सक्ती नाही, असंही त्यात म्हटलं. हे वाचून कोलंबिया एशियाच्या निर्णयापासूनची बरीच धास्ती ओसरली. लेखापरीक्षकाची फी, सॉफ्टवेअरचं भाडं अशा बाहेरून घेतलेल्या सामायिक सेवांचं क्रेडिट मात्र १ एप्रिल २०२५पासून इनपुट सर्व्हिस डिस्ट्रिब्युटर या वेगळ्या नोंदणीतूनच वाटावं लागतं. त्याचं विवरणपत्र पुढच्या महिन्याच्या तेरा तारखेपर्यंत भरायचं. काम वाढलं, पण पैसा अडकत नाही.

त्या परिपत्रकाची पगाराबद्दलची सवलत मुख्य कार्यालय आणि त्याच कंपनीच्या शाखा यांच्यासाठी लिहिलेली आहे. दोन स्वतंत्र कंपन्यांना ती आपोआप लागू होत नाही. म्हणजे ज्याला खरी झळ बसत होती ते आमचं रुग्णालय होतं तिथेच राहिलं.

त्याआधी, मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा नॉर्दर्न ऑपरेटिंग सिस्टिम्सचा निकाल आला, तेव्हा थोरल्या भावांनाही विषयाचं गांभीर्य पटलं. बंगळुरूची ही कंपनी आपल्या परदेशी समूहाकडून माणसं घेत होती आणि त्यांच्या पगाराचा खर्च समूहाला जसाच्या तसा परत करत होती. माणसांवर रोजचं नियंत्रण बंगळुरूचं होतं, पण त्यांची मूळ नोकरी परदेशी कंपनीतच राहत होती. न्यायालयाने सगळा व्यवहार एकत्र पाहिला आणि ही मनुष्यबळाची सेवा आहे, असं ठरवून सेवाकर मान्य केला. पुढे देशभर नोटिसा निघाल्या. तेव्हा डिसेंबर २०२३मध्ये केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळानेच अधिकाऱ्यांना सांगितलं, की हा निकाल सरसकट लावू नका, प्रत्येक करारातल्या अटी बघा.

करारातल्या अटी बघा, हाच सल्ला आम्ही आधीपासून पाळत होतो. डेबिट नोटवर ‘खर्चाची भरपाई’ असं लिहिल्याने काहीही ठरत नाही. माणूस कुणाचा, त्याला कामावरून काढू कोण शकतो, मूळ बिल कुणाच्या नावावर आहे, यावर ठरतं.

त्यानुसार आम्ही एकेक खर्च वेगळा काढला. पूर्णवेळ रुग्णालयाचंच काम करणारे हिशेबनीस रुग्णालयाच्या पगारावर घेतले. त्यांची सेवा, ग्रॅच्युइटी, भविष्यनिर्वाह निधी यांत खंड पडू नये म्हणून कागद काळजीपूर्वक केले. त्यांच्या मनात कंपनी बदलण्याची भीती होती, ती बोलून दूर केली. दोन्हीकडे काम करणाऱ्यांना संयुक्त नेमणूक देण्याचाही विचार केला. त्यात दोन्ही कंपन्या पहिल्यापासून मालक असतात आणि आपापला पगार देतात. पण छोट्या आस्थापनेत दोन फॉर्म १६ आणि दोन ठिकाणचा निधी सांभाळणं अवघड, म्हणून ते सोडलं. इंटरनेट, सॉफ्टवेअर यांची बिलं रुग्णालयाच्या नावावर करून घेतली. विक्रेता त्यांवर कर लावतोच, पण आमच्या वाटणीतून तो पुन्हा लागत नाही. या सगळ्यातून आठ लाखांचा खर्च बाहेर पडला.

उरलेल्या सहा लाखांच्या खर्चावर आम्ही रीतसर करार केला, दहा टक्के वाढवून बिल काढलं आणि अठरा टक्के कर लावला. तो होतो १,१८,८०० रुपये. भावाकडून नफा घ्यायचा नाही, हा शब्द मोडल्याचं थोरल्यांना वाईट वाटलं. मी त्यांना सांगितलं, की हे दहा टक्के कायद्याने धरलेलं मूल्य आहे, भावाचं प्रेम त्यात मोजलेलं नाही. त्यांनी सही केली.

हा १,१८,८०० रुपयांचा कर आजही रुग्णालय भरतं आणि तो शेवटी तपासण्यांच्या दरात जातो. मला हे पटत नाही. युरोपीय संघाच्या व्हॅट निर्देशात याची सोय आहे. करमुक्त काम करणाऱ्या संस्थांनी सामायिक गट केला आणि त्या गटाने सदस्यांकडून नेमका खर्चच घेतला, तर स्पर्धा बिघडत नसेल तिथे ती सेवा करमुक्त राहते. २०१७मध्ये युरोपीय न्यायालयाने ही सवलत विमा आणि वित्तसंस्थांना नाकारली, ती सार्वजनिक हिताच्या कामांपुरती ठेवली. म्हणजे रुग्णालयं आणि शाळा त्यात बसू शकतात. घट्ट बांधलेल्या कंपन्यांना एकच करदाता मानण्याची मुभाही तिथे सदस्यदेशांना आहे. आपल्याकडे दोन्हींपैकी काही नाही.

मोठ्या समूहांना सल्लागार परवडतात. जिल्ह्याच्या गावातली दोन भावांची कंपनी, ट्रस्टची शाळा, छोटं रुग्णालय यांना हा प्रश्न बहुधा नोटीस आल्यावरच कळतो. म्हणून कुणी वेगळी कंपनी काढून करमुक्त काम सुरू करणार असेल, तर मी आधी दोन गोष्टी विचारते. हिशेब लिहिणारा माणूस कुणाच्या पगारावर असेल? आणि ज्याला सेवा मिळणार त्याला क्रेडिट मिळेल का? या दोन्हींची उत्तरं कंपनी नोंदवण्याआधी मिळाली, तर पुढचा बराच कर कायदेशीरपणे वाचतो. आणि जो तरीही वाचत नाही, तो आरोग्य आणि शिक्षण यांच्या बाबतीत कायद्यानेच काढून टाकायला हवा. तिथे करमुक्ती दिली आहे ती रुग्णासाठी आणि विद्यार्थ्यासाठी, मग ती त्यांच्यापर्यंत पूर्ण पोचली पाहिजे.